बेटावरच्या पावसाळ्यातली वाकळ

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली त्याचे लोकार्पण झाले. मधल्या काळात गोदाकाठची अनेक गावे उठली. काही पुनर्वसनाच्या गावठाणात गेली, तर काही जवळच्याच उंच टेकाडावर सरकून तिथेच राहिली. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत मी शिकवते ती वस्ती या दुसऱ्या प्रकारातली आहे. उन्हाळ्यात मुरमाचा एक रस्ता तिला मोठ्या रस्त्याशी जोडतो आणि पाणी उतरलेल्या गाळात लोक काकडी, टरबूज, खरबूज पिकवतात. नाथसागराचे, म्हणजे या धरणाच्या जलाशयाचे, पाणी चढू लागले की ते आधी तीन बाजूंनी येते, मग ओढ्यातून मागे फुगून मुरमाचा रस्ताही गिळते आणि टेकाडाचे बेट होते. आमच्या शिवारात पावसाचा थेंब पडलेला नसला तरी हे घडते, कारण हे पाणी नाशिककडचे आणि नगरकडचे असते. वरची धरणे भरली की गोदावरी आणि प्रवरा ते आमच्या दारात आणून सोडतात. पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी १५२२ फूट धरतात. श्रावण-भाद्रपदात सकाळी पारावर माणसे एकमेकांना ‘किती फूट झालं?’ एवढेच विचारतात आणि त्या एका उत्तरावरून पुढच्या महिन्याचे बेत ठरतात.

या बेटावर शिवलेल्या एका वाकळीची, म्हणजे गोधडीची, हकीकत मी लिहिते आहे. ती पहिल्या धुण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत माझ्या डोळ्यांसमोर झाली आणि तिच्यात माझेही हात होते. वाकळीकडे पाहताना तिच्यातली काटकसर लोकांच्या लगेच ध्यानात येते. ती आहेच, परंतु मला सांगायचे आहे ते निराळे. आमच्याकडची वाकळ जशी मांडली आणि शिवली जाते ती रीतच अशी आहे की ती एका बाईला एकटीने करता येत नाही. आणि गावाला बेटपण येते त्या महिन्यांत गावातली जी करमणूक, जी थट्टामस्करी, जी गाणी होतात, त्यांतली पुष्कळशी या रीतीच्या आधाराने उभी राहिलेली आहेत.

त्या दिवसांत रोजचे जगणे होडीच्या वेळेला बांधलेले असते. भोयांची एक लाकडी होडी सकाळी दूध घेऊन पलीकडे जाते आणि येताना पीठ, औषधे, गॅसची टाकी, कुणाचा पाहुणा असे काय काय घेऊन येते. तरणी पोरे थर्माकोलच्या चप्पूवर बसून हाताने पाणी मारत जातात. मला ते पाहवत नाही आणि शाळेतल्या मुलांना मी चप्पूवर बसू देत नाही. बायकांची पलीकडच्या शेतांतली रोजंदारी थांबते. टेकाडावरच्या तुरीची आणि बाजरीची खुरपणी सकाळी उरकली की दुपार मोकळी राहते, आणि ही मोकळीक कुणालाही वाया घालवायची नसते. त्यामागे एक ठरलेली मुदत असते. दसरा झाला की मुकादमाचे निरोप येऊ लागतात आणि दिवाळीच्या मागेपुढे निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. थंडीचे चार-पाच महिने उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत काढायचे असतात, जमिनीवर झोपायचे असते, तान्ही मुले बरोबर असतात. त्यासाठी अंथरायला एक आणि पांघरायला एक अशा वाकळा दसऱ्याच्या आत हातावेगळ्या झाल्या पाहिजेत. ज्या वर्षी पाणीच आले नाही त्या वर्षांबद्दल बायका अजून बोलतात. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण तळाला गेले होते. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गाव बेट झालेच नाही, बायका रोजगाराला लांब लांब गेल्या आणि मारुतीच्या सभामंडपात एकही वाकळ मांडली गेली नाही, असे त्या सांगतात.

माझ्या आईने अंबड तालुक्यातल्या आमच्या घरून जुनी इरकली लुगडी गाठोडे बांधून पाठवली होती. नेसण्यासारखी ती राहिली नव्हती, पण टाकवत नव्हती. वस्तीतल्या एका थोरल्या आजींना मी ती दाखवली. वाकळीच्या बाबतीत सगळे गाव त्यांचाच शब्द मानते. त्यांनी एकेक लुगडे उजेडात धरले, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणले, गालाला लावले आणि सांगितले, “बाई, हे कापड ज्येष्ठातच धुवायला पाहिजे. आखाडात ऊन भेटत नसतं.” त्याप्रमाणे पाऊस लागायच्या आत सोड्याच्या गरम पाण्यात कपडे उकळून, नदीच्या नव्हे तर आडाच्या पाण्याने खळबळून कडक उन्हात वाळवले. कापडात ओल राहिली तर आतल्या थरांना बुरशीचा वास धरतो आणि तो पुढे कशानेही जात नाही, हे त्याचे कारण.

मग निवड. आजकाल घरोघरी गाठोड्यांत सुतीपेक्षा सिंथेटिक साड्या अधिक निघतात. त्या फाटत नाहीत, रंग सोडत नाहीत, दिसतातही झकपक, तरी आजी त्या वाकळीच्या अंगाला लागू देत नाहीत. अशी साडी घाम शोषत नाही, दोन सुती थरांमध्ये घातली तर निसटत राहते आणि चुलीची एक ठिणगी पडली की अंगाला चिकटते; कोपीत चूल पांघरुणापासून चार हातांवर असते, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. ओळखण्याची रीत साधी आहे. कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा; सुती कापडात तो लगेच पसरतो, दुसऱ्यात काही वेळ मोत्यासारखा उभा राहतो. नव्या सुनांना ही परीक्षा करायला लावतात. सून पास झाली की नापास, यावर हसणे सुरू होते ते तिथूनच.

नऊवारी लुगड्याचे गणित मला फार आवडले. इरकलीच्या पदराचे ताणे अंगाच्या ताण्यांना एकेक फास अडकवून जोडलेले असतात. आजींनी नेमक्या त्या जोडावरून पदर वेगळा केला, कारण पदरातले रेशीम आणि अंगातले सूत धुतल्यावर सारखे आकसत नाहीत. पदर गेला की सुमारे आठ वार उरतात. त्यांचे दोन-दोन वारांचे चार धडपे होतात. लुगड्याचा पन्हा सव्वा वाराचा. दोन धडपे काठाला काठ लावून जोडले की दोन वार रुंद आणि अडीच वार लांब, म्हणजे सहा फूट बाय साडेसात फुटांचे एक पाट तयार होते. उरलेल्या दोन धडप्यांचे तसेच दुसरे. एक वरचे, एक खालचे. एका लुगड्यात एका वाकळीच्या दोन्ही बाजू भागतात, कात्री लागत नाही आणि चिंधीसुद्धा वाया जात नाही. कात्रीने कापलेल्या कडेचे धागे सुटतात, म्हणून धडपा करताना दाताने नुसती सुरुवात करून कापड सरळ फाडायचे. आडव्या धाग्यात ते आपोआप सरळ फाटत जाते. तो चर्रर्र आवाज निघाला की आसपासची लहान मुले धावत येतात आणि पुढचा धडपा आपल्याला फाडू द्या म्हणून हट्ट धरतात.

आतल्या भरतीला विरलेली धोतरे, पोलकी, सदरे, मुलांचे गणवेश चालतात. बटणे, हुक, नाड्या काढायच्या, जाड शिवणी फाडून बाजूला टाकायच्या, कारण त्यांवर सुई मोडते. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

मांडणी मात्र पाहण्यासारखी असते. साडेसात फुटांची वाकळ अंथरायला आणि तिच्याभोवती बसायला पुरेल एवढी कोरडी, सपाट जागा वस्तीत एकच, मारुतीच्या देवळाचा सभामंडप. तो सकाळी सारवून, म्हणजे आता फरशी आहे तर पुसून, कोरडा करतात. खालचे पाट अंथरले की चौघी चार कोपरे धरून बसतात. प्रत्येकीने आपला कोपरा स्वतःकडे ओढायचा, पण इतकाच की समोरच्या कोपऱ्यातलीच्या हाताला ओढ कळावी. कापड पखवाजाच्या पानासारखे तंग झाले की कोपऱ्यांवर जड दगड ठेवतात. मग भरतीचे थर. इथे आजी स्वतः गुडघ्यांवर येतात. पहिला तुकडा ठेवला की दुसरा त्याच्या कडेवर दोन बोटे चढवायचा. तिसऱ्या थराच्या कडा दुसऱ्या थराच्या कडांवर येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर तिथे वळ उठतो आणि रात्रभर पाठीला टोचतो. मध्ये, जिथे पाठ आणि कंबर येते, तिथे एक थर जास्त. पायांकडे एक कमी. प्रत्येक तुकडा ठेवल्यावर त्या तळहात मधून कडेकडे हवा काढल्यासारखा फिरवत. मी घाईने पुढचा तुकडा उचलला तेव्हा त्या म्हणाल्या, “घाई कामून करता बाई? कापडाला बी बसू द्या की जरा.” आणि खरोखरच थोड्या वेळाने तोच तुकडा आणखी अर्धे बोट सैल झालेला दिसला, त्यांनी तो पुन्हा ओढून बसवला.

वरचे पाट पसरण्याच्या वेळी आणखी हात लागतात. ते वरून अलगद, सगळीकडून एकदम खाली यावे लागते. एका बाजूने आधी टेकले तर खालची भरती सरकते. म्हणून बायकांनी ते छातीच्या उंचीवर ताणून धरले आणि आजींच्या इशाऱ्यावर एकाच वेळी खाली बसल्या. ज्या दिवशी मांडणी त्याच दिवशी कच्चे टाके पडलेच पाहिजेत, कारण संध्याकाळी मंडप भजनासाठी मोकळा करून द्यावा लागतो. वितभर लांबीचे सैल टाके आधी कर्णांवर, मग उभे-आडवे घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवतात; कडा आत दुमडून टाचतात. त्यानंतरच वाकळ गुंडाळून उभी करता येते. चौघींची ओढ, सातआठ जणींचे हात आणि एकाच दिवसाची मुदत, असा हा मामला आहे. शेजारणीशी अबोला असेल तर मांडणीपुरता तो सोडावा लागतो. त्या दिवशी वर्षभर न बोलणाऱ्या दोन जावा समोरासमोरच्या कोपऱ्यांत होत्या. एकीने ओढले की दुसरीला ‘ढिलं सोडा’ म्हणावेच लागत होते.

शिवायला बसण्याच्या आधी दोऱ्याची तयारी. पांढऱ्या सुताचा रिळाचा दोरा दुपदरी करून मांडीवर पीळ द्यायचा आणि मेणाच्या खड्यावरून ओढायचा, म्हणजे तो जाड कापडातून जाताना पिंजत नाही. दोरा बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत, त्याहून लांब नाही. लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि प्रत्येक टाक्याला हात लांबवून खांदा भरून येतो. सुई लांब आणि जाड, पण दाभणाइतकी नव्हे, कारण दाभणाची भोके जुन्या कापडात पुन्हा मिटत नाहीत. मधल्या बोटात अंगुस्तान. माझ्यापाशी ते नव्हते म्हणून एका मामींनी जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी बोटाला गुंडाळून दिली आणि तिने काम उत्तम झाले.

चौघी चार बाजूंना बसतात. कडेपासून बोटभर आत धावदोऱ्याची पहिली ओळ. प्रत्येकीने डावीकडून उजवीकडे आपली बाजू शिवत जायचे आणि कोपरा आला की सुई दोऱ्यासकट उजवीकडच्या शेजारणीच्या हातात द्यायची. ती त्याच दोऱ्याने आपली बाजू पुढे शिवते, तोवर डावीकडून आलेली सुई आपल्याला मिळते. चार सुया वाकळीभोवती फिरत राहतात आणि बायका आपापल्या जागी असतात. एकीचा हात मंद असेल तर बाकीच्यांना थांबावे लागते; थांबायचे म्हणजे बोलायचे, आणि सगळी मजा त्या थांबण्यात आहे. दोरा संपला की जिच्या हातात संपेल तिने उखाणा घ्यायचा, असा नियम. लग्न होऊन वर्ष न झालेल्या एका सुनेने घेतलेला उखाणा मी उतरवून ठेवला आहे:

नाथसागराच्या पाण्यावर डुलत येते होडी,
रावांच्या वाकळीला घालते टाक्यांची जोडी.

तिने नाव घेतले होते. ते इथे गाळले आहे. त्यावर समोरच्या काकूंनी, वाकळ कुणाची आणि टाके कुणासाठी, असा सवाल टाकला आणि त्या सवाल-जवाबात दोन सुया कोपऱ्यावर तशाच ताटकळल्या. जात्यावरच्या ओव्या म्हाताऱ्या बायकांना अजून पाठ आहेत. घरात जाती फिरत नाहीत, पण ओवीचा तो संथ ठेका धावदोऱ्याला नेमका जुळतो: सुई आत, सुई वर, आणि तिसऱ्या मात्रेला दोरा ओढायचा. ओवी चालू असताना टाके एकसारखे पडतात, हे मी माझ्या ओळींवरून पाहिले; बोलता बोलता घातलेले टाके लहान-मोठे आहेत आणि ओवीतले सगळे सारखे आहेत.

झोळ हा या कामातला खरा शत्रू. कडेकडून मध्याकडे शिवत जाताना कापडातली उरलीसुरली ढिलाई पुढे पुढे सरकते आणि सांभाळले नाही तर शेवटी मध्यावर गोळा होते. मग ‘वाकळीचं पोट सुटलं’ म्हणतात. म्हणून सुई उजव्या हातात आणि डावा तळहात ओळीच्या पुढे कापडावर फिरता ठेवायचा, झोळ थोडा थोडा वाटून द्यायचा. शिवाय प्रत्येकीची ओढ वेगळी. कुणाचा हात आवळ, कुणाचा सैल. एकीने एकच बाजू शेवटपर्यंत शिवली तर तेवढी बाजू आकसून वाकळ तिरकी होईल, म्हणून काही फेरे झाले की आजी टाळी वाजवतात आणि सगळ्या जणी एकेक जागा पुढे सरकतात. त्यामुळे तयार वाकळीत कुठली बाजू कुणाची हे सांगता येत नाही. मी वाकळ अंथरून अनेकदा शोधून पाहिले आहे.

या कामात शाळाही आली. पाचवीच्या मुलांना परिमिती शिकवताना मी त्यांना मंडपात नेले. बाहेरच्या फेऱ्याची लांबी मोजली, दोन ओळींतले अंतर मोजले, आत जाताना प्रत्येक फेरा किती कमी होतो ते काढले आणि बेरीज केली. चाळीसहून अधिक फेरे आणि सुमारे दोनशे मीटर धावदोरा, असे उत्तर आले. मुलांनी तेवढे अंतर शाळेपासून होडीच्या धक्क्याच्या दिशेने पावलांनी मोजून दाखवले आणि आपली आजी एवढे ‘चालली’ म्हणून घरोघर सांगितले. परिमिती त्या वर्गाला पुन्हा शिकवावी लागली नाही.

काम सलग होत नाही आणि तसे व्हावे अशी कुणाची इच्छाही नसते. नागपंचमीला आमच्याकडे चिरणे, कापणे, तळणे वर्ज्य; तवाही चढत नाही, पुरणाचे दिंड उकडतात. त्या दिवशी टोचणारी सुईसुद्धा डब्यात बंद राहते. मंडपासमोरच्या लिंबाला दोरखंडाचा झोका बांधतात आणि दुपारपासून फुगड्या, झिम्मा, पिंगा यांना ऊत येतो. तो दोरखंडही होडीचाच असतो, म्हणून होडी त्या दिवशी दुसऱ्या दोराने बांधून ठेवावी लागते. झोका उंच गेला की पाण्यापलीकडचा रस्ता दिसतो, आणि ज्या लेकींना त्या वर्षी माहेरी येता आले नाही त्यांची नावे घेऊन झोका दिला जातो. हरिनाम सप्ताहाच्या दिवसांत मंडप पुरता टाळकऱ्यांचा होतो आणि वाकळ गुंडाळी होऊन कोपऱ्यात उभी राहते. कीर्तन ऐकणाऱ्या म्हाताऱ्या तिला पाठ टेकून बसतात. एका रात्री वीज गेली होती आणि बायकांनी नाथांची भारुडे केली. घोंगडी, काठी, डोक्याला गुंडाळलेले धोतर एवढ्या सामानावर पात्रे उभी राहतात. ज्या मामी दिवसभर मान खाली घालून शिवत त्याच त्या रात्री बुवा झाल्या होत्या आणि त्यांनी सगळ्या गावाला, पुरुषांनासुद्धा, चांगलेच फटकारले.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. त्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात आणि बेटावर त्या एका घरी असणे अशक्य. तेव्हा प्रत्येक घर आपल्या परड्यातली एक भाजी देते, उरलेल्या होडीवाला पैठणच्या बाजारातून आणतो आणि मंडपातच त्यांची वाटणी होते. त्या वाटणीच्या वेळी वाकळीचे शेवटचे फेरे चालू होते. एका हाताने पडवळ घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने सुई पुढे द्यायची, असे ते चालले होते.

आतल्या फेऱ्यांना बायका वाकळीवरच येऊन बसतात. अंतर कमी होत जाते, गुडघ्याला गुडघा लागतो, एकीची कोपरखळी दुसरीला बसते. मग चौघींना जागा पुरत नाही. दोघी उठतात, दोघी शिवतात. वाकळ लांबीला रुंदीपेक्षा हातभर जास्त असल्यामुळे फेरे एका बिंदूत संपत नाहीत. मध्यावर हातभर लांबीची अरुंद पट्टी उरते आणि तिच्यात एकटीच सुई चालवू शकते. ही पट्टी जिची वाकळ तिने शिवायची, अशी इथली रीत आहे. बाकीच्या जणी भोवती बसून पाहतात आणि टाका तिरका पडला की सांगतात. कोपऱ्यांकडून निघालेल्या तिरप्या रेघा त्या पट्टीच्या टोकांशी येऊन मिळालेल्या मला दिसत होत्या. त्या कुणी आखल्या नव्हत्या, चार सुयांच्या वळण्यातून त्या उमटल्या होत्या. शेवटची गाठ दोन थरांमध्ये ओढून लपवली. आईच्या इरकलीचा बाजूला काढलेला पदर आजींनी जपून ठेवला होता; त्याचे त्रिकोणी तुकडे चारही कोपऱ्यांवर फुलांसारखे बसवले. हळदकुंकू लावले, आणि वस्तीतल्या सर्वांत लहान बाळाला मध्ये झोपवून चौघींनी कोपरे धरून हलकेच झुलवले. ते बाळ रडले नाही, उलट दोन्ही मुठींनी पट्टीचे टाके चाचपत राहिले.

वाकळीची दुसरी बाजू उलटून पाहिली तर तीही तशीच. धावदोऱ्याला उलट-सुलट नाही. आमच्याच तालुक्यात, पैठणला, पैठणी विणतात. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्या पदराच्या नक्षीची दुसरी बाजूही पहिलीइतकीच सफाईदार असते, हा तिचा लौकिक आहे. पैठणीच्या मागावर एक कारागीर महिनोन्‌महिने बसतो आणि त्याच्या मजुरीचा हिशेब निदान मांडला तरी जातो. वाकळीच्या कामाचा हिशेब कुणी मांडत नाही, याचे मला वाईट वाटते, कारण सुतीची पारख, थरांची मांडणी, ओढीचा अंदाज या सगळ्यांत तेवढेच जाणतेपण आहे.

हिशेब मांडायची वेळ त्या वर्षी एकदा आली. पलीकडच्या एका व्यापाऱ्याने होडीवाल्याकडून निरोप पाठवला की शहरात हाताने शिवलेल्या गोधड्यांना मागणी आहे, तेव्हा वर्षाला काही वाकळा शिवून द्याव्यात. मंडपात त्यावर बराच खल झाला. तरुण सुनांना पैसे हवे होते आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. थोरल्या आजींनी विरोध केला नाही. त्यांनी फक्त विचारले की विकायच्या वाकळीची शेवटची पट्टी कोण शिवणार. यावर कुणी हसले नाही. अखेर असे ठरले की विकायला तान्ह्या मुलांची दुपटी करावीत. दुपट्याला एकीचे हात पुरतात, मंडप लागत नाही, आणि त्याचे पैसे जिचे तिला मिळतात. मोठी वाकळ मात्र ज्या घरात पांघरली जाणार त्याच घरासाठी मांडायची. मला हा निर्णय योग्य वाटला आणि आजही वाटतो. दुपट्यांचा हिशेब वहीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे: कापड कुणाचे, दोऱ्याचा खर्च किती, हातात किती पडले.

दसऱ्यानंतर पाणी स्थिरावले, रस्ता अजून बुडालेलाच होता, म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची भांडी, कोयते, शेळ्या आणि वाकळा होडीने पलीकडे नेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवल्या. माझी वाकळ मी एका बाळंतिणीला दिली. कोपीत तिला तिची गरज माझ्यापेक्षा जास्त होती. चैत्रात ती परत येईल तेव्हा धुऊन, उन्हात घालून परत करीन, असे तिने सांगितले आहे. आईचे एक लुगडे अजून शिल्लक आहे. पुढच्या श्रावणात पहिली मांडणी कुणाची हे मंडपात आधीच ठरले आहे: त्या दोन जावांपैकी धाकटीची. तिच्या लेकीचे लग्न आहे आणि कोपरे धरायला थोरली येणार आहे.